मोडता कोण घालतंय?

तिसरी सोयरीकही तशीच गप्प झाली, तेव्हा विठ्ठलरावांची खात्रीच पटली की गावातलं कुणीतरी मोडता घालतंय.

पहिले पाहुणे पाटोद्याकडचे. त्यांनी पोरगी बघितली, पोहे खाल्ले, जाताना "घरी इचारून कळवतो" म्हणाले आणि पुन्हा तोंड दाखवलं नाही. जणू त्यांच्या घरात विचारायला माणसंच उरली नव्हती. दुसरे माजलगावकडचे. त्यांची तर साडी-नारळापर्यंत बोलणी आली होती, पण पुढच्या बाजारादिवशी फोन लावला तर कुणी उचलेना. तिसऱ्यांनी पत्रिका जुळत नाही असा निरोप धाडला. पत्रिका त्यांनी मागितलीच नव्हती.

रोहिणी ही विठ्ठलरावांची नात, हनुमानची थोरली. नाकीडोळी नीटस, शिकलेली, पुण्याच्या एका कॉम्प्युटर कंपनीत नोकरीला. निम्मा महिना ती गावातूनच काम करायची. माडीवरच्या खोलीत कानाला यंत्र लावून इंग्रजी बोलायची आणि खाली येऊन आजीबरोबर शेंगा फोडायची. अशा पोरीला नकार यायला काही कारणच नव्हतं. आणि ज्या गोष्टीला कारण नसतं, तिच्यामागं माणूस असतो, असं विठ्ठलरावांचं पक्कं मत होतं.

वडवणीच्या अलीकडं त्यांचं गाव. गावात आता सिमेंटचे रस्ते झाले होते, घरटी एक चारचाकी होती, पण मोडता घालायची कला जुनीच राहिली होती. या कलेत वाईट काही बोलावं लागत नाही. पाहुणा विचारतो, "घर कसं हाय?" सांगणारा लगेच सांगत नाही. आधी तंबाखू मळतो, चुना झटकतो. मग म्हणतो, "चांगलं हाय की." त्या 'की'मध्ये सगळं येतं. पाहुणा पुढच्या गाडीनं परत जातो.

विठ्ठलरावांना हे माहीत असणारच. अख्ख्या भावकीत मुलामुलींची चौकशी करायची ती त्यांनीच. स्थळाच्या गावाच्या एक थांबा आधी उतरायचं, चालत गावात शिरायचं आणि बैल बघायला आलोय म्हणायचं. बैल गेल्यावर ते जुना रोटाव्हेटर बघायला आलोय म्हणू लागले, एवढाच काय तो बदल. न्हाव्याच्या दुकानात दाढीला बसायचं. दावणीची जनावरं बघायची, कारण माणूस कापडं बदलतो पण जनावराच्या पाठीवरचा वळ लपवता येत नाही. ही विद्या त्यांना वडिलांकडून, बापूंकडून आली होती, आणि बापूंना ती ठेच लागल्यावर आली होती. थोरली लेक छबू त्यांनी एका ओळखीच्या माणसाच्या शब्दावर देऊन टाकली. नांदायला गेल्यावर कळलं, नवऱ्याची पहिली बायको शेतातल्या खोपटात राहते. छबूबाई पत्र्याची पेटी घेऊन माहेरी परत आली ती मरेपर्यंत इथंच राहिली. त्यानंतर बापूंनी जन्मात कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही आणि पोरालाही ठेवू दिला नाही.

"आबा, आता हे सगळं फोनात दिसतंय की," हनुमान म्हणायचा. त्याचं वडवणीला ठिबकच्या पाइपांचं दुकान होतं आणि त्याचा हात फोनावरून निघत नसे. "सातबारा दिसतो, शेततळं वरून दिसतं, पोरगं कुणाच्या वाढदिवसाला गेलतं ते बी दिसतं."

"फोनात वास येत न्हाई," विठ्ठलराव म्हणायचे.

आता मात्र दुसऱ्याच्या नाही, आपल्याच घराच्या चौकशीचा शोध घ्यायचा होता. त्यांनी ओट्यावर बसून गाव मनातल्या मनात चाळून काढलं. दोन नावं वर राहिली.

पहिलं, चुलतभाऊ राधाकिशन. भिंतीला भिंत लागून घर. बांधावरच्या चिंचेवरून दोघांचं बोलणं बंद होतं. राधाकिशननं दारातल्या खांबावर कॅमेरा बसवला होता आणि त्याचं तोंड आपल्याच अंगणाकडं आहे असा विठ्ठलरावांना संशय होता. म्हणून त्यांनीही हनुमानला सांगून एक कॅमेरा बसवून घेतला, त्याचं तोंड राधाकिशनकडं. दोघांचे बाप समोरासमोरच्या ओट्यांवर बसून दिवसभर एकमेकांवर नजर ठेवायचे. आता ते काम कॅमेरे करत होते आणि ह्या दोघांना शेतात जायला वेळ मिळत होता.

दुसरं नाव, स्टँडवरचा किराणा दुकानदार सिद्धलिंग. कपाळावर विभूती, जिभेवर साखर. गावात येणारा प्रत्येक पाहुणा आधी त्याच्याकडं बिस्किटाचा पुडा घ्यायचा आणि पुड्याबरोबर दोन गोष्टी विचारायचा.

"या दोघांपैकी एक हाय," विठ्ठलराव बायकोला, केशरबाईंना म्हणाले.

केशरबाई ज्वारी पाखडत होत्या. "आवं, अन् दोघंबी नसले तर?"

"मग दोघं मिळून असतील."

त्यांनी सापळा लावायचा ठरवला. गेवराईकडचे रामभाऊ हे त्यांचे जुने स्नेही, बाजार समितीच्या दिवसांतले. ह्या गावात त्यांना कुणी ओळखत नव्हतं. त्यांनी मुलाकडचा पाहुणा म्हणून यायचं, रोहिणीची चौकशी करायची, आणि सदऱ्याच्या खिशातल्या फोनात सगळं बोलणं भरून घ्यायचं. रामभाऊ आधी नाहीच म्हणाले. "ह्या वयात सोंगं काढायला लावतोस का बे?" पण विठ्ठलरावांनी पिच्छा सोडला नाही.

ठरल्या दिवशी रामभाऊ आले, गावात फिरले आणि उन्हं कलल्यावर विठ्ठलरावांच्या विहिरीवर, मोटारीच्या खोलीशेजारी येऊन बसले. तोंड जरा उतरलेलं होतं.

"बोल, कोण?"

"ऐक तूच," म्हणत रामभाऊंनी फोन दगडावर ठेवला.

आधी सिद्धलिंगचा आवाज आला. "पोरगी म्हणजे साक्षात लक्ष्मी बघा. आमच्या बसवेश्वरच्या वर्गात होती. कधी मान वर करून चालली न्हाई. घर बी तालेवार, नाव ठेवायला जागा न्हाई."

"मग तीन ठिकाणी कावून मोडली?" हा रामभाऊंचा आवाज.

मध्ये दुकानातली फोनवरून पैसे आल्याचं सांगणारी डबी ओरडली. मग सिद्धलिंग हळू आवाजात म्हणाला, "आता तुमी इचारलंच म्हणून. म्हातारा लई बारीक बघतो. माझ्याकडं इतकी वर्सं डाळ घेतो, पण अजून पाकीट उजेडाला धरल्याशिवाय पिशवीत टाकत न्हाई. आमची कारभारीण शिवगंगा म्हणते, ह्यांनी लग्नात बायकोला बी उजेडाला धरून बघितली असंल. सोयरीक बेलाशक करा. फक्त म्हाताऱ्याला मुक्कामाला बोलवू नका."

विठ्ठलरावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. रामभाऊंनी पुढचं लावलं. राधाकिशनचा घोगरा आवाज.

"विठ्ठलदादाचं अन् माझं बोलणं न्हाई. पण पोरीचं इचारत असाल तर ती माझ्या बी घरची हाय. तिच्यावर कुणी बोट ठिवलं तर मी ते बोट ठिवणार न्हाई."

"अन् म्हातारा?"

"त्याला सोताच्या सावलीचा बी संशय येतो. एकदा सोयरे झालात की तुमच्या चुलीतली राख चाळून बघंल." मग थोडं थांबून, "पर माणूस खोटा न्हाई. बांध त्यानं कोरला, तरी खोटा न्हाई."

फोन बंद झाला. पाटात पाणी वाहत होतं.

"बघ!" विठ्ठलराव मांडीवर थाप मारून म्हणाले. "घातला का न्हाई मोडता? दोघांनी बी!"

रामभाऊंनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "विठ्ठला, मी काल माजलगावकडं बी जाऊन आलो. त्या दुसऱ्या पाहुण्यांकडं."

"तुला कुणी सांगितलंतं?"

"मलाच जावंसं वाटलं. तू त्यांच्या गावात गेलतास ना? न्हाव्याच्या दुकानात बसून काय इचारलंस?"

विठ्ठलराव आठवू लागले. मग बोलले, "कानावर आलतं तेच इचारलं. त्यांची थोरली सून हिरीत पडली का ढकलली."

"ती बाई जित्ती हाय, बे. तिनंच मला चहा दिला."

"मी नुसतं इचारलं. ढकलली असं म्हणलो न्हाई."

"न्हाव्याच्या दुकानात इचारलं म्हंजे म्हणल्यासारखंच हाय. तू गेल्यावर गावभर झालं. बाईच्या माहेरची माणसं गाडी भरून आली. ती बाई पाय घसरून पडली होती, तिच्या नवऱ्यानंच उडी टाकून वर काढली. आता तो नवरा कुणाला तोंड दावत न्हाई." रामभाऊंनी टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. "पाटोद्याला बी असंच कायतरी करून आलास म्हणं. मोडता तूच घालतोयस."

रामभाऊ गेल्यावरही विठ्ठलराव तिथंच बसून राहिले. आधी त्यांना वाटलं, रामभाऊलाही फितवलं. मग वाटलं, फोनातला आवाज बदलता येतो म्हणे. हनुमान एकदा सांगत होता. पण राधाकिशनचं ते 'खोटा न्हाई' काही बनवलेलं वाटेना. ते शब्द कुणी त्यांच्या तोंडावर कधी बोललं नव्हतं आणि बोललं असतं तर त्यांनी विश्वासही ठेवला नसता.

संध्याकाळी त्यांनी केशरबाईंना सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या, मग म्हणाल्या, "छबूवन्सं एकदा मला म्हणाल्या होत्या. बापूंनी चौकशी केली असती तरी काय, त्या गावात कुणी खरं सांगितलं असतं का? ज्याला लपवायचं त्यो लपवतोच. आपण इचारत हिंडलो तर चांगल्याचं वाटोळं हुतं, वाइटाचं काय बी होत न्हाई."

"मग काय डोळं झाकून पोरगी द्यायची?"

"पोरगी शिकलेली हाय. तिचं डोळं उघडं हायत. तुमी तेवढं येका सोयरिकीपुरतं गप बसा. मला शब्द द्या."

विठ्ठलरावांनी शब्द दिला. द्यायला त्यांना फार जड गेलं.

पुढं गंमत अशी झाली की सोंग घेऊन आलेल्या रामभाऊंना खरंच पोरगी पसंत पडली. त्यांचा एक भाचा होता, उमापूरचा अंगद. पुण्यातली कंपनीची नोकरी सोडून गावी आला होता आणि ड्रोन घेऊन लोकांच्या कापसावर, तुरीवर फवारणी करून द्यायचा. वडील लिंबाजीराव साधे शेतकरी. बघायचा कार्यक्रम ठरला.

त्या दिवशी विठ्ठलरावांनी स्वतःला कसं आवरलं ते त्यांचं त्यांना माहीत. चांगली नोकरी सोडून पोरगं गावात कशाला आलं? काढून तर टाकलं नसंल? काही भानगड? हे प्रश्न जिभेवर आल्यावर ते पाण्याचा तांब्या तोंडाला लावत. तांब्या चार वेळा भरून आणावा लागला. हनुमाननं लिंबाजीरावांचं शेत फोनावर वरून दाखवायला घेतलं तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं, "मला दावू नको." सून सत्यशीला दाराआडून बघत होती. तिला वाटलं, सासऱ्यांची तब्येत बरी नाही.

दोघांना पसंत पडलं. सुपारी फुटली. लग्न उन्हाळ्यात धरायचं ठरलं. रोहिणी खूश होती. आजोबांना चिडवायची, "बघा आबा, आम्ही कसं करतो. आम्ही लपून विचारत नाही. सरळ एकमेकांना विचारतो. मी कुठं आहे ते त्याच्या फोनात दिसतं, तो कुठं आहे ते माझ्या. लपवायचं काही नाहीच."

"लई चांगलं," विठ्ठलराव म्हणायचे आणि आत कुठंतरी त्यांना उगाच रिकामं वाटायचं.

पौष संपता संपता एका दुपारी ते गोठ्यात म्हशीला पेंड घालत होते. रोहिणी येऊन खांबाला टेकून उभी राहिली. कॉम्प्युटर सोडून ती ह्या वेळेला खाली येत नसे.

"आबा, मांजरसुंब्याला तुमच्या ओळखीचं कुणी आहे का?"

"कावून?"

"असंच."

विठ्ठलरावांनी घमेलं खाली ठेवलं. पोरीचे डोळे बारीक झाले होते, खालचा ओठ दातात धरलेला. हा चेहरा त्यांनी कुठंतरी पाहिला होता. मग एकदम लक्षात आलं. बापू स्थळाच्या गावाहून परत येऊन ओट्यावर बसत, तेव्हा त्यांचा चेहरा असाच असायचा.

"सांग."

तिनं सांगितलं. अंगद गेल्या रविवारी म्हणाला शेतात आहे, फवारणी चाललीय. फोनात मात्र तो मांजरसुंब्याच्या चौकातल्या एका धाब्यावर दिसत होता. चांगला दोन-अडीच तास. त्याच्या आधीच्या रविवारीही तसंच. विचारलं तर म्हणाला, फोन चुकीचं दाखवत असेल. उमापूर कुठं, मांजरसुंबा कुठं. मध्ये अख्खं बीड.

"अजून?"

रोहिणी खाली बघत बोलली, "मी दुसऱ्याच पोरीच्या नावानं एक खातं काढून त्याला मैत्रीची विनंती पाठवली होती. त्यानं घेतली नाही. आधी बरं वाटलं. मग वाटलं, त्याला कळलं असेल मीच आहे, म्हणून घेतली नाही."

विठ्ठलराव तिच्याकडं बघतच राहिले. पुणं, कॉम्प्युटर, इंग्रजी, हे सगळं वरवरचं होतं. आत ती अगदी बापूंची पणती होती.

"तुम्ही एकदा जाऊन बघा ना, आबा. तुम्हाला बरोबर कळतं."

"म्या तुझ्या आजीला शब्द दिलाय. चौकशी करणार न्हाई."

"तुम्ही करू नका. मी करते. तुम्ही नुसते सोबत या."

नाही म्हणायला पाहिजे होतं. पण कितीतरी दिवसांनी त्यांच्या अंगात तरतरी आली. त्यांनी हात धुतले.

रविवारी दोघं डोळे तपासायला बीडला जातो म्हणून निघाले. गाडी रोहिणी चालवत होती. अंगदला तिनं कळवलं होतं, कंपनीची तातडीची मीटिंग आहे, दिवसभर बोलणं होणार नाही. फोनही तिनं माडीवरच ठेवला होता, म्हणजे त्याला ती घरीच दिसली असती. वाटेत विठ्ठलरावांनी तिला सगळं शिकवलं. गाडी धाब्यासमोर लावायची नाही, ट्रकांच्या मागं लावायची. भिंतीला पाठ करून बसायचं. हात धुवायच्या जागेवर आरसा असतो, त्यातून दार दिसेल असं टेबल धरायचं. खाणं असं मागवायचं की ते उरकायला वेळ लागेल. रोहिणी सगळं मन लावून ऐकत होती. शाळेत असल्यापासून आजोबांचं बोलणं तिनं इतकं मन लावून कधी ऐकलं नव्हतं.

मांजरसुंब्याला महामार्गावरच्या गाड्यांची गर्दी होती. ठरल्याप्रमाणं ते कोपऱ्यात बसले. भाकरी-पिठलं मागवलं. रोहिणी भाकरीचे नुसते तुकडे करत होती. दार उघडलं की ती आरशात बघायची आणि पुन्हा ताटात.

अंगद आला. मोटारसायकल लावून त्यानं आत शिरताना उजवीकडं-डावीकडं बघितलं. विठ्ठलराव पुटपुटले, "बघणं चोराचं हाय." त्यानं दोन चहा सांगितले. दोन! रोहिणीनं टेबलाची कड धरली.

थोड्या वेळानं दुसरा आला. बाई नव्हती. कपाळावर विभूतीचे पट्टे ओढलेला एक तरुण पोरगा होता.

"हा तर बसवेश्वर!" रोहिणी म्हणाली. "सिद्धलिंगकाकांचा. बीडला असतो. ह्याचं अंगदशी काय काम?"

अंगद पुढं झुकून काहीतरी विचारत होता. बसवेश्वर मान हलवत होता, बोटं मोडत होता. विठ्ठलरावांना ते बसणं, ते झुकणं, ते हळू बोलणं फार ओळखीचं वाटलं. त्यांनी असं बसण्यात सारी हयात घालवली होती.

"रोहिणी," ते म्हणाले, "हे पोरगं तुझी चौकशी करतंय."

ती ताडकन उठली. ते "थांब" म्हणेपर्यंत ती त्या टेबलापाशी पोचली होती.

"फवारणी झाली?"

अंगदनं चहा खाली ठेवला. "तू? तुझी मीटिंग होती ना?"

"तू शेतात होतास ना?"

बसवेश्वर उठून जावं की बसावं अशा पेचात अर्धा उभा राहिला. विठ्ठलराव काठी टेकत येऊन पोचले.

"मागच्या रविवारी कोण होतं?" रोहिणीनं विचारलं.

"तुझ्या पुण्याच्या मैत्रिणीचा भाऊ." अंगद खाली बघून म्हणाला. "त्याच्या आधी एक जण तुझ्या कॉलेजातला. गावात भेटलो असतो तर बोभाटा झाला असता, म्हणून इकडं."

"मला विचारायचं होतं. तोंड नव्हतं का तुला?"

"काय विचारणार होतो?" आता त्याचाही आवाज चढला. "तीन सोयरिकी येऊन मोडल्या, हे सुपारी फुटल्यावर कळलं. कावून मोडल्या, कुणी सांगंना. मामाला विचारलं तर मामा म्हणतो, पोरगी सोनं आहे, तू डोळे झाकून कर. अरे, सोनं आहे तर तिघांनी कावून सोडलं? असं पोरीला तोंडावर विचारायचं असतं का?"

रोहिणीचं तोंड पांढरं पडलं. तिला घरी तिन्ही वेळा पत्रिकेचंच कारण सांगितलं होतं. रामभाऊंच्या फोनातलं तिला कुणी ऐकवलं नव्हतं.

विठ्ठलरावांनी खुर्ची ओढली आणि बसले. "माझ्यामुळं मोडल्या," ते म्हणाले. "म्या त्यांच्या गावात जाऊन नको ते इचारलं. लोकांची घरं नासली. पोरीचा काय बी दोष न्हाई. तुझा मामा भला माणूस, म्हणून तो माझं नाव काढत न्हाई."

अंगद त्यांच्याकडं बघत राहिला. ह्या म्हाताऱ्यावर विश्वास ठेवावा की हेही काही शिकवून आणलेलं आहे, असं त्याच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं. विठ्ठलरावांना त्या बघण्याचा राग आला नाही. उलट पोरगा त्यांना पहिल्यांदाच आवडला.

"अन् तू?" अंगद रोहिणीला म्हणाला. "तू कशी आलीस इथं?"

"फोनात दिसलास."

"म्हणजे बघत बसतेस?"

"तू मला बघत नाहीस?"

तो ओशाळला. "बघतो."

रोहिणीनं डोळे पुसले. "ते दुसऱ्या पोरीचं खातं पण मीच काढलं होतं. आता एक सांग. नोकरी कावून सोडलीस?"

"चल तिकडं. सांगतो," तो म्हणाला. "पण तू पण सांगायचं. मी विचारीन ते."

दोघं बाहेर पत्र्याच्या शेडखाली जाऊन बसले. विठ्ठलरावांना काचेतून त्यांचे हात दिसत होते, तोंडं दिसत नव्हती. एकदा रोहिणीनं जोरात मान हलवली. एकदा अंगद बराच वेळ बोलत होता आणि ती एकटक ऐकत होती. मध्येच एक ट्रक आडवा येऊन उभा राहिला तेव्हा विठ्ठलराव खुर्चीवरून अर्धे उठले, ट्रक गेल्यावर बसले. मग एकदा दोघंही हसले. विठ्ठलरावांचा जीव खाली पडला.

ती परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते, पण कपाळ मोकळं होतं.

"आबा, बाबांना सांगा, वैशाखातली तारीख काढा."

"नोकरी कावून सोडली म्हणाला?"

"ते आमचं आमचं आहे."

"मला बी सांगणार न्हाईस?"

"तुम्हाला तर नाहीच," ती म्हणाली आणि अंगदबरोबर बिल द्यायला काउंटरकडं गेली.

टेबलापाशी बसवेश्वर राहिला होता, गार झालेला चहा ढवळत. विठ्ठलरावांनी खुर्ची त्याच्याजवळ सरकवली. केशरबाईंना दिलेला शब्द त्यांना आठवला. पण तो सोयऱ्यांबद्दल होता आणि हा तर आपल्याच गावचा पोरगा.

"काय रं बसव्या, त्यानं तुला सगळ्यात आधी काय इचारलं?"

बसवेश्वरनं आठवून सांगितलं, "राग आल्यावर ती बोलते का गप बसते, हे इचारलं, आबा."

विठ्ठलरावांनी काठी मांडीवर आडवी घेतली. इतकी वर्षं गावोगाव हिंडले, न्हाव्यांपुढं बसले, जनावरांच्या पाठी तपासल्या, पण हा प्रश्न त्यांनी कुणालाच विचारला नव्हता. बापूंनीही विचारला नसता.

"अन् तू काय सांगितलंस?"

"म्हणलं, गप बसते. दोन-दोन दिस."

"खरं हाय," विठ्ठलराव म्हणाले. मग काउंटरकडं बघत, आवाज आणखी खाली आणून त्यांनी विचारलं, "मग त्यो काय म्हणाला?"